सुनेचं माहेर

माझ्या स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या कोणी चिकटवल्या? थोरल्या उमाकांतने. इंग्रजीत. आईला इंग्रजी वाचता येत नाही हे तो विसरला, आणि विसरभोळी म्हणे मी! रव्याच्या डब्यावर मिठाची चिठ्ठी आहे, शेजारणीने वाचून सांगितलं. मी काढलेली नाही. उपमा त्यानेच करावा.

आता रीतीप्रमाणे. मी सुनीतीबाई, कै. रत्नाकर राव यांची बायको, वय अठ्ठ्याहत्तर, शिक्षण तिसरी, तीही अर्धी, राहणार अंबत्तूर, चेन्नई, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्या दडपणाशिवाय लिहिते. दडपण आणायलाही माणूस घरी यावा लागतो. उमाकांत याच शहरातल्या नुंगंबाक्कमहून महिन्यातून एकदा येतो, आणि घड्याळ बघत बसतो. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी तारीख विचारली. मी म्हटलं, "काल अमावास्या झाली, पुढचं तुम्ही मोजा." दिला बिचाऱ्यांनी दाखला.

एक. हे दोन खोल्यांचं घर यजमानांनी माझ्या नावावर घेतलं. ते मी धाकट्या कौशिकच्या बायकोला, हेमलतेला देते. कौशिक तीन वर्षांपूर्वी स्कूटरवरून पडून गेला. हेल्मेट घरी खुंटीला होतं. त्याबद्दल एवढंच लिहीन.

उमाकांत म्हणतो, "आई, असं लिही की ती आपली सून राहील तोवरच घर तिचं." नाही लिहिणार. तिने दुसरं लग्न केलं तरी घर तिचं, नाही केलं तरी तिचं.

कारण हवं असेल तर घ्या. कौशिक नाही, हे मी कधी कधी विसरते. त्याचं पान मांडते, भात वाढते. उमाकांत असला की ओरडतो, "आई, तो गेला ना!" म्हणजे पोराच्या मरणाची बातमी मला दर वेळी ताजी. हेमलता मात्र त्याच्या पानावर बसते, दही मागते आणि जेवते.

दोन. बँकेतली ठेव उमाकांत आणि हेमलता, दोघांना निम्मी निम्मी. उमाकांतला काहीच दिलं नाही तर तो कोर्टात जाईल, आणि मला साक्षीला येता येणार नाही.

तीन. माळ्यावरच्या ट्रंकेत गोलूच्या, म्हणजे नवरात्रात पायऱ्यांवर मांडायच्या बाहुल्या आहेत. कौशिक गेला त्या वर्षी मांडल्या नाहीत, ती रीत. पुढे दोन वर्षं मांडल्या नाहीत, तो माझा आळस. दुःखाचं नाव पुढे केलं. यंदा हेमलतेने मांडाव्यात. विधवेचा हात नको म्हणेल त्याला प्रसादाचं सुंडल, हरभऱ्याची उसळ, देऊ नये.

त्यातली लाल लाकडाची नवरा-बायकोची जोडी मात्र वेगळी काढावी. आम्हा पिढ्यान्‌पिढ्या इकडेच राहिलेल्या मराठी घरांत ती आई लेकीला लग्नात देते. माझ्या आईने मला दिली. मला लेक नाही. हेमलतेचे आईबाप ती लहान असतानाच गेले, तिला कोणी दिली नाही. ती जोडी तिच्या लग्नात तिला द्यायची.

लग्न कोणाशी, म्हणून तोंडं वाकडी करू नका. देवेशशी. साताऱ्याचा आहे, इथे गाड्यांच्या कारखान्यात काम करतो. पहिल्यांदा जेवायला आला तेव्हा म्हणाला, "आजी, तुमचं मराठी फार जुनं आहे हो." म्हटलं, "मीही जुनी आहे. जेव." तीनदा भात घेतला मेल्याने. हेमलता हसली. मला आधी वाटलं, शेजारचा टीव्ही लागला.

सही: सुनीतीबाई राव
साक्षीदार: १. रंजनी, शेजारीण. माझा गॅस दोनदा येऊन बंद केला, ओरडली एकदाच. २. सत्यनारायण, निवृत्त कारकून. वाचल्याशिवाय सही करत नाही, म्हणून दीड तास लागला.
अंबत्तूर, चेन्नई. २ ऑगस्ट २०२५

सह्या झाल्यावर सुचलं, म्हणून दोघांसमोरच खाली लिहिते. देवेशची आई मागणी घालायला येईल. "मुलीकडचं कोण?" असं विचारील. मी नसले, किंवा असून विसरले, तर उमाकांतने उठून उभं राहायचं आणि सांगायचं, "मी. तिचा थोरला भाऊ." हे उत्तर दुसऱ्या कोणी द्यायचं नाही.