सुनेच्या अंगठ्याचे माप

मी, खाली सही करणारा, धंद्याने बोलिंगच्या, म्हणजे घरंगळवून पिना पाडायच्या जड बॉलना बोटांची भोके पाडणारा, राहणार बोलिंग हॉलच्या मागच्या गल्लीत, वर्कशॉपच्या वर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो की, माझ्यामागे माझ्या मालमत्तेचे पुढीलप्रमाणे व्हावे. माझे हृदय थकले आहे. डोके थकलेले नाही, हे वाचणाऱ्यांना कळेलच.

१. धाकट्या भावाला, ज्याला सगळे चॅम्पियन म्हणतात, त्याचा लाडका लाल बॉल द्यावा. त्यातले अंगठ्याचे भोक मी बुजवून ठेवले आहे. दर बक्षिसाला तो म्हणायचा, "सगळी कमाल मनगटाची." आता मनगटाने उचलावा.

२. बँकेतील शिल्लक बहिणीला. तिने कधी मागितली नाही, म्हणून.

३. घर, वर्कशॉप आणि ड्रिल मशीन. मुलगा यावरच टपून बसला आहे, तेव्हा त्याने नीट वाचावे.

गेल्या हिवाळ्यात सुनेचा उजवा अंगठा मोडला. मुलगा म्हणाला, "बाबा, बॉलमध्ये अडकला. टाकताना सुटलाच नाही." तो बॉल मी केलेला. भोक मापाचे असेल तर बॉल आवळून धरावा लागत नाही, आणि हात पुढे गेला की अंगठा आपसूक सुटतो. संध्याकाळी बोटे फुगतात, म्हणून तिचे माप मी सकाळी घेतले, संध्याकाळीही घेतले, आणि भोक पॉलिश पेपरने घासत बसलो. ही थाप त्याने जगात कुठेही मारावी. माझ्या घरात मारली, इतका तो गाढव आहे. सुनेला विचारले, तर म्हणाली, "दारात सापडला, बाबा." "दार कोणी लावलं?" यावर ती नवऱ्याच्या चपलांकडे बघत राहिली. मला त्या दिवशी त्याचा बाप असल्याची किळस आली.

म्हणून अट अशी. मुलाने साक्षीदारांसमोर सुनेच्या त्याच अंगठ्यासाठी नव्या बॉलला भोक पाडावे. त्यासाठी तिचा अंगठा हातात घ्यावा आणि कुठे वाकडा आहे, कुठे दुखतो, कशाने मोडला, हे मोठ्याने विचारावे. तिने सावकाश सांगावे. भोक बसले की नाही, हे तीच ठरवील. "बसलं" म्हणाली तर सगळे त्याचे. "नाही" म्हणाली, किंवा हातच दिला नाही, तर सगळे तिचे आणि त्याने त्याच पावली जिना उतरावा. म्हातारा पोराला अंगठा दाखवतो आहे, असे लोक म्हणतील. दाखवतोच आहे. सुनेचा.

सूनबाई, तुझ्या मवाळपणाची मला फार भीती वाटते. एकच शब्द आहे. आरशासमोर घोकून ठेव.

ठिकाण: वर्कशॉपचे टेबल.
दिनांक: आजचा सोमवार, मुलगा बाहेरगावी असताना.

(सही. अक्षर वाकडे आहे, पण माझेच आहे.)

साक्षीदार:
१. हाडांचे डॉक्टर, ज्यांनी सुनेचा अंगठा बसवला. (सही)
२. शेजारचा कुलूपवाला. दाराचे नवे कुलूप त्याच्याकडे तयार आहे. किल्ली एकच करायला सांगितली आहे. (सही)