गौरीत उमललेली आमरी

पेण, १३ सप्टेंबर २०२४

चि. दिनानाथ यास अ. उ. आ.

फोनवर तुला धड ऐकू येत नाही आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहिते. दिनू, तू दिलेली रानातली आमरी, ती जमिनीत वाढणारी ऑर्किड, गेली.

सूनबाईची, नमिताची, ही पहिलीच गौर. वडखळच्या रस्त्याकडेचा तेरडा धुळीने माखलेला, म्हणून गौर मांडायला तिने आपल्या फणसाखालच्या सावलीतला उपटला, रीतीप्रमाणे मुळांसकट. त्यातच आमरी आली. पूजेच्या दिवशी गौरीत एक पांढरं फूल उमललं. मी समजले, बाजारातून आणलं. तीन वर्षं ज्या फुलाची वाट पाहिली त्याला हळदकुंकू वाहिलं आणि ओळखलं नाही! काल खाडीत विसर्जन करून आले, बघते तर फणसाखाली नुसता खड्डा. मग नमिताला नको नको ते बोलले.

तुझ्या डोंगरावर दुसरी असेल ना रे? रागावलास तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी मालूताई

रोहा, १८ सप्टेंबर २०२४

ती. मालूताईस कृ. सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी पायरीवर बसलोच. ताई, तुला सांगितलं नव्हतं, तो डोंगरउतार उन्हाळ्यात रस्त्यासाठी कापला. माझ्या परसातले आमरीचे कांदे रानडुकरांनी खाल्ले. तुझी एकटीच उरली होती.

तरी खड्डा बुजव आणि माती उकरू नकोस. आमरीला दोन कांदे असतात, जुना आणि पुढच्या सालचा. हिसक्याने उपटली की नवा कधीकधी मातीतच राहतो. आणि नमिताला बोललीस तेवढं पुरे. तीन वर्षं पाणी घालून तू ओळखली नाहीस, ती तर तीन महिन्यांची सून!

सर्वांना नमस्कार, मायेत अंतर नसावे.

तुझा दिनानाथ

पेण, २१ जून २०२५

चि. दिनानाथ यास अ. उ. आ.

दिनू, आमरीला पान आलंय! मी अशी किंचाळले की शेजारची चंद्रावती काठी घेऊन धावली, साप निघाला समजून.

नमिताला हाक मारली. आली, पण चार हात लांबच उभी. पाणी घाल म्हटलं तर हळूच म्हणाली, की तिच्या हातचं काही जगत नाही असं मीच त्या दिवशी म्हटलं होतं. मला आठवतही नव्हतं रे! नऊ महिने ती बागेत फिरकली नाही आणि मी समजत होते, पोरीला कामाचा कंटाळा. मग तांब्या तिच्या हातात दिला, वरून माझा हात ठेवला आणि दोघींनी पाणी घातलं.

यंदा गौरीला तुम्ही नवराबायको नक्की या. तेरडा नमिताच उपटणार आहे, फणसाखालचाच.

तुझी मालूताई