विहिरीची खोली

वाशीम, ता. १२ फेब्रुवारी १९३७

ती. बाबांस चिंतामणीचा साष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. आईच्या गुडघ्याला उतार पडला का?

मंगळवारी मुलांना शाळेच्या विहिरीवर नेलं होतं. दगड पाण्यापर्यंत पोचायला किती वेळ लागतो ते मोजायचं आणि त्यावरून खोली काढायची. नेमके तेव्हाच इन्स्पेक्टरसाहेब आले. गणितानं चौसष्ट फूट निघाले. दोर सोडून मोजले, तर एकसष्टच.

"तीन फूट कुठे गेले?" साहेबांनी विचारलं. मी मुलांकडे पाहिलं.

पिंजाऱ्याचा मेहबूब म्हणाला, "आवाज वर याले बी येळ लागते, साहेब. तो येळ आपन गोट्याच्याच नावावर मांडला."

हे मी शिकवलेलं नव्हतं.

साहेब शेरा लिहून गेले : 'तासाला वर्ग रिकामा आढळला.' माझं कायम होणं आता लांबेल, असं हेडमास्तर म्हणतात. काळजी नसावी, जेवणाखाण्याची सोय चांगली आहे. आईला पत्र वाचून दाखवताना शेऱ्याचं तेवढं गाळावं.

शेऱ्याखाली मला सही करायची होती. सहीच्या आधी मी मेहबूबचं उत्तर त्याच्या नावासकट लिहिलं.

आपला आज्ञाधारक,
चिंतामणी