काळी गाडी आणि माझी फडकी

सोमवार, ३ मार्च

वहीची पहिली चार पानं भिंगरीने फाडून नेली, डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला. उरलेली वही माझी! शाळा चौथीपर्यंतच झाली, त्यामुळे अक्षर वाकडंतिकडं येतं. पण वाचणार कोण? मीच.

भिंगरी म्हणजे माझी नात. पाळण्यात होती तेव्हापासून एका जागी टिकत नाही म्हणून भिंगरी. रसायनशास्त्राची मोठी परीक्षा पास झाली, आणि आता म्हणते घराखालच्या गॅरेजात लोकांच्या गाड्या चमकवायचं काम सुरू करणार. आज जेवताना बापाच्या, म्हणजे माझ्या मुलाच्या, कानावर घातलं. घास तोंडापाशी थांबला त्याचा!

"एवढं शिकलीस ते गाड्या पुसायला?"

"पुसणं वेगळं, बाबा. याला डिटेलिंग म्हणतात."

"नाव मोठं ठेवलं म्हणून फडकं बदलतं का?"

झालं! दोघं एकाच नाकाची, राग पण त्याच नाकावर. त्याने मित्राला सांगून तिच्यासाठी एका प्रयोगशाळेत नोकरी बघून ठेवली आहे. सतरा तारखेला हजर व्हायचं. ही म्हणते जाणार नाही. शेवटी सूनबाई मध्ये पडली तेव्हा कुठे तह झाला. सोळापर्यंत गॅरेज भिंगरीचं. तेवढ्यात एक गाडी अशी करून दाखवायची की मालक बघून "वा" म्हणाला पाहिजे. म्हणाला तर गॅरेज कायमचं तिचं. नाही म्हणाला तर सतराला नोकरी, आणि पुन्हा विषय काढायचा नाही.

मालक कोण हे पण मुलानेच ठरवलं. त्याचा शाळेतला मित्र, दातांचा डॉक्टर. हा माणूस स्वतःच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा हसलेला नाही!

बुधवार, ५ मार्च

गॅरेज रिकामं केलं. मोडकी खाट, दोन पंखे, मुलाची व्यायामाची सायकल (नवीकोरी! एकदाच बसला होता). मला स्टूल मिळालं. मी मदतनीस!

आज शिकले: गाडी धुवायला बादल्या दोन लागतात. एकीत साबण, दुसरीत फडकं खळबळायला. एकाच बादलीत बुडवलं की तीच वाळू परत गाडीवर. मी म्हटलं, अगं मग आयुष्यभर आम्ही फरशी एकाच बादलीत पुसली ते? भिंगरी म्हणाली, "आजी, फरशीला कोण जवळून बघतं?" मी बघायचे!

मग ती क्ले म्हणून एक मऊ वडी काढते. गाडीवरून हात फिरवला तर खरखर लागते ना, ती उचलते ही वडी. मळली की परत घडी घालायची, मळायची, नवी बाजू वर. हे काम मला दिलं. पन्नास वर्षं पीठ मळलंय म्हटलं, आण इकडे! खाली पडली तर मात्र फेकून द्यायची, माती लागलेली वडी रंगाला ओरबाडते. मी दोनदा पाडली. दोन्ही वेळा बोलली नाही काही ती. आजीला बोलत नाही, गुणाची आहे.

शुक्रवार, ७ मार्च

दुकानात गेलो दोघी. गाड्यांच्या सामानाचं दुकान. दुकानदाराला मी चकचकवाला म्हणते, कारण त्याचं टक्कल त्याच्या सगळ्या मालापेक्षा चकचकीत!

बापरे, किती प्रकार. मला वाटायचं मेण म्हणजे मेण. एक पामच्या पानांवरचं, डब्यातलं, घट्ट. त्याने रंगाला खोली येते, पण दोन महिन्यांत उतरतं. एक सीलंट, कारखान्यात बनवलेलं, सहा महिने राहतं, पण चमक जरा काचेसारखी, कोरडी. एक नुसतं फवारायचं आणि पुसायचं, घाईवाल्यांसाठी. आणि एक सिरॅमिक, ते वर्षानुवर्षं राहतं, पण चुकलं की चूकसुद्धा वर्षानुवर्षं राहते!

"तुम्ही सांगता ती डॉक्टरांची गाडी काळी," चकचकवाला म्हणाला, "काळ्या गाडीवर काही लपत नाही बघा."

"आणि झाडाखाली उभी असते," भिंगरी म्हणाली. "पक्षी."

"मग नुसती चमक नको. संरक्षण पण पाहिजे. पक्ष्यांचं ते रंग खातं."

मी सगळे डबे हुंगून पाहिले. पामवाल्याला नारळासारखा गोड वास. मी म्हटलं हेच घ्या. चकचकवाला म्हणाला, "आजी, डॉक्टर गाडी हुंगणार नाहीत." मला काय माहीत, दातवाले काहीही करतात.

शेवटी तिन्हीचे छोटे डबे घेतले, सिरॅमिक सोडून. भिंगरी म्हणाली, आधी करून बघू.

शनिवार, ८ मार्च

करून बघितलं, मुलाच्या गाडीवर! तो वाचनालयात गेला होता. बॉनेटवर चिकटपट्टी लावून चार चौकोन पाडले. तिन्हींत तीन प्रकार, चौथा तसाच. मग नळीने पाणी. काय मजा! सीलंटवर पाण्याचे मणी झाले, टपोरे, घरंगळले. पाममेणावर पण मणी, जरा बसके. फवाऱ्यावर जेमतेम. आणि चौथ्या चौकोनात पाणी नुसतं पसरलं, बसलं लोळत.

टाळ्या वाजवल्या मी. सूनबाई गॅलरीतून म्हणाली, "आई, झालं काय?" मी म्हटलं, पाण्याचे मोती झाले!

मुलगा आला आणि बॉनेटकडे बघत राहिला. तीन चौकोन चकचकीत, एक धुरकट.

"हे उद्या एकसारखं होईल ना?"

"सोमवारपर्यंत राहू दे ना, बाबा. किती टिकतंय बघायचंय."

सोमवार, १० मार्च

चौकोनांची गाडी घेऊन ऑफिसला गेला बिचारा. संध्याकाळी आला तो फणकारत. "साहेबांनी विचारलं, पटावर सोंगट्या कुठे आहेत म्हणून!" भिंगरी आणि मी स्वयंपाकघरात पळालो. हसू दाबता दाबता मला उचकी लागली.

आज एक काम गुपचूप केलं. उद्या डॉक्टरची गाडी येणार, तर भिंगरीला हातभार. तिची ती मऊ लवदार फडकी, चोवीस होती, सगळी कळकट्ट. मशीनमध्ये घातली, कपडे मऊ करायचं ते निळं औषध सढळ हाताने ओतलं, आणि वाळल्यावर कडक इस्त्री. दोन्ही बाजूंनी! घड्या अशा की पुस्तकं वाटावीत. भिंगरी बघून म्हणाली, "अय्या आजी, कुठून आणलीस ही नवी?" तिला काही सांगितलं नाही. ती नवीच समजली.

मंगळवार, ११ मार्च

काळी गाडी आली! डॉक्टर परगावी जातोय, रविवारी परत. किल्ली देताना भिंगरीला म्हणाला, "आरशात न दिसणारं पण मला दिसतं." आणि गेला. नमस्कार नाही, काही नाही.

धुतली. क्ले फिरवली (पडू दिली नाही!). पॉलिश केलं. पॉलिश म्हणजे वरची खराब कातडी घासून काढणं, मेण म्हणजे नव्या कातडीला तेल लावणं. मी असं लक्षात ठेवलंय. मग ड्रायव्हरच्या बाजूच्या दाराला पाममेण लावलं आणि पुसलं.

पट्टे! तेलकट पट्टे. तिरक्या उन्हात बघितलं तर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा पण.

भिंगरी म्हणाली, मेण जाड लावलं असेल.

बुधवार, १२ मार्च

मेण पातळ लावलं. पट्टे.

गुरुवार, १३ मार्च

आज तिने तेच दार सात वेळा केलं. मी मोजलं. पाममेण, काढलं. सीलंट, काढलं. परत सीलंट, उलट्या हाताने. फवारा. परत पाममेण. मग हातच फार गरम आहे माझा असं म्हणून थंड पाण्यात हात बुडवून परत. हवेत दमटपणा आहे म्हणून पंखा लावून परत. दर वेळी नवं फडकं, माझ्या घडीतलं, आणि दर वेळी तेच पट्टे!

दुपारी जेवली नाही. मी ताट घेऊन खाली गेले तर चाकाला टेकून बसलेली.

"मला येतच नाही गं हे, आजी."

"येतं. त्या मेणालाच काहीतरी झालंय."

"मेणाला काय होणार?"

रागाच्या भरात मी ठरवलं, उद्या चकचकवाल्याला जाब विचारते. आमच्या पोरीला शिळं मेण खपवतो म्हणजे काय! आणि उद्या शुक्रवार. रविवारी तो न हसणारा येणार.

शुक्रवार, १४ मार्च

हे लिहू की नको?

लिहितेच. एकटीच गेले दुकानात. एका पिशवीत डबा, दुसऱ्या पिशवीत पुरावा म्हणून फडकं. गल्ल्यासमोर उभी राहून मोठ्याने म्हटलं, तुमचा माल खराब आहे! तीन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. मला बरं वाटलं.

त्याने डबा उघडला, बोट लावलं, चोळलं. "डबा चांगला आहे, आजी. फडकं बघू."

दिलं. त्याने गालाला लावलं. मग परत लावलं.

"हे फडकं आहे का पुठ्ठा?"

"असं काय बोलता! मी स्वतः धुतलंय."

"कशात?"

"साबणात. आणि मऊ करायचं औषध. भरपूर."

"आणि मग इस्त्री?"

"कडक," मी म्हटलं, "दोन्ही बाजूंनी."

तो खाली बसला. म्हणजे खरंच बसला, स्टुलावर. मग हळू आवाजात सांगितलं, गिऱ्हाइकांना ऐकू जाऊ नये असं. देव भलं करो त्याचं. या फडक्याला म्हणे सुईपेक्षा बारीक केस असतात, मळ उचलायला. इस्त्रीने ते वितळून टोचरे झाले, त्याच त्या रेघा. आणि औषधाचा तेलकट थर फडक्यात बसला, तोच आम्ही तीन दिवस गाडीला फासत होतो. मेण कुठलंही असू दे!

चोवीस फडकी. दोन्ही बाजू. मीच!

घरी निघाले. वाटेत एकदा वाटलं, नुसती नवी फडकी घेऊन जावी, बोलूच नये. कोणाला कळणार आहे? पण मग ती स्वतःलाच नावं ठेवत बसली असती जन्मभर.

गॅरेजात गेले. म्हटलं, "भिंगरे, मेणाचा दोष नाही. तुझाही नाही. माझ्या इस्त्रीचा आहे."

"आजी... इस्त्री?"

"दोन्ही बाजूंनी."

मग जी हसत सुटली! जमिनीवर लोळली. हसता हसता डोळ्यांत पाणी, आणि ते सगळं काही हसण्याचं नव्हतं. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, "मला वाटलं होतं, बाबांचंच खरं."

मी म्हटलं, बाबांचं खरं ठरायला अजून दोन दिवस आहेत. उठ!

शनिवार, १५ मार्च

नवी फडकी. इस्त्रीचं बटण भिंगरीने चिकटपट्टीने बंद करून ठेवलंय! सूनबाईचा ब्लाउज चुरगळलेला राहिला, ती पण हसली.

रेघा काढायला परत पॉलिश, पूर्ण गाडीला. मग भिंगरीने ठरवलं, खाली सीलंट आणि वर पाममेण. खालचं राखायला, वरचं दिसायला. मध्ये पुरता वेळ थांबायचं. मला मागचं एक दार दिलं, माझं एकटीचं. "पातळ, आजी, पातळ! नसल्यासारखं लाव." नसल्यासारखं लावलं, थांबले, बोट फिरवून पाहिलं, पुसलं.

आणि त्या दारात मी दिसले! चष्मा, पांढरे केस, हनुवटीवरचा तीळ. पन्नास वर्षं भांडी घासली, लख्ख घासली, पण भांड्यात माणूस आडवा-फुगीर दिसतो. इथे मी जशी आहे तशी. बरीच बरी आहे की दिसायला!

रविवार, १६ मार्च

डॉक्टर आला. सगळं घर गॅरेजच्या दारात. मुलगा हाताची घडी घालून.

खिशातून काय काढावं त्याने? दात बघायचा तो छोटा आरसा, दांडीवाला! आणि बॅटरी. वाकून दाराच्या फटी बघितल्या, चाकाच्या आतून बघितलं. मला वाटलं आता गाडीला म्हणतो, आ करा. पूर्ण फेरी मारली. माझ्या दारापाशी तो थांबला. खूप वेळ. मग खिशातून कंगवा काढला आणि दारात बघून भांग पाडला! नीट, सावकाश. कंगवा खिशात.

"हं," म्हणाला. किल्ली घेतली, पैसे दिले, गेला.

"हं म्हणजे वा!" मी ओरडले.

"हं म्हणजे हं," मुलगा म्हणाला.

"त्याच्या तोंडून हं म्हणजे दुसऱ्याच्या तोंडून दहा वेळा वा," सूनबाई म्हणाली. "लग्नात तेवढंही म्हणाला नव्हता."

"ठरलं होतं वा. शब्द म्हणजे शब्द."

भिंगरीने फडकी गोळा केली, वेगळ्या बादलीत भिजवली, आणि उद्याचे कपडे काढायला वर गेली. नोकरीचे. मला जेवण गेलं नाही.

सोमवार, १७ मार्च

सकाळी सहाला गॅरेजात खुडबुड. बघते तर मुलगा! बाह्या दुमडून स्वतःच्या गाडीवरचे चौकोन पुसून काढत होता. दचकला मला बघून.

"आई, तिला उठवू नकोस. झोपू दे. नोकरीला नाही म्हणून सांगितलंय मी मित्राला."

"कधी? काल?"

"गुरुवारी. काल उगाच अडून बसलो."

"अरे, गुरुवारी तर सगळं बिघडलेलं होतं!"

"हो ना," तो म्हणाला. "त्या दिवशी रजेवर होतो ना, गॅरेजच्या खिडकीतून बघत होतो. एकच दार, सात वेळा. शाळेत चुकलेलं गणित कधी दुसऱ्यांदा सोडवलं नाही या मुलीने."