चैत्रगौरीची फुलं

हेंडरसन, नेवाडा

प्रिय आश्लेषा,

शनिवारपासून तुझे फोन येताहेत आणि मी घेत नाहीये. तू एकदा "नीलू, ऐक ना" म्हणालीस की माझा राग पाघळतो, हे तुलाही ठाऊक आहे. म्हणून लिहायला बसले. इथे तुला मध्येच बोलता येणार नाही.

दर वसंतात तू विचारायचीस, यंदा फुलं कुठे बघायची गं? मी म्हणायचे, लोक कॅन्यनमध्ये जाऊन लाल कड्यांचे फोटो काढतात आणि फुलं पायाखाली घालतात. आधी खाली बघायला शीक. कोरड्या ओढ्याच्या वाळूत पांढरा प्रिमरोझ असतो, तोही ऊन चढायच्या आत; मग मिटून गुलाबी पडतो. खडकाच्या खाचेत निवडुंगाला लालभडक फुलं येतात. कड्यातून पाणी झिरपतं तिथे नेचे आणि कोलंबाइन. एवढं मी येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना सांगते. व्हॉलंटियरचा बिल्ला लावून शनिवारी तेच तर करायचे. पण आडबाजूच्या त्या घळीतली सेगो लिली मी फक्त तुला दाखवली होती.

आठवतंय कधी ते? तुझ्या विवेकची नोकरी गेली होती, व्हिसाची मुदत संपत आली होती, आणि तू घरात खोकी बांधायला घेतली होतीस. मी तुला गाडीत घातलं आणि तिथे नेलं. तीन पांढऱ्या पाकळ्या, तळाशी वाईनसारखा रंग. मी सांगितलं, हिचा कंद जमिनीत वर्षानुवर्षं वाट बघतो तेव्हा कुठे एक फूल येतं. आजूबाजूची काळी, खरबरीत माती जिवंत असते, बारीक शेवाळ आणि जीवाणूंनी बांधलेली, तिच्यावर पाऊल टाकायचं नाही. तू खडकावर बसून पोटभर रडलीस, मग डब्यातला दहीभात संपवलास. उठताना माझा हात धरून म्हणालीस, ही जागा आपल्या दोघींची. मी तुला शपथ घातली नव्हती. तू आपणहून म्हणालीस.

यंदा मी पार्सिपनीला भावाकडे असताना मंडळाच्या ग्रुपवर फोटो आले. तुम्ही चैत्रगौरीचं हळदीकुंकू 'निसर्गाच्या सान्निध्यात' केलंत. लाल कडा मी लगेच ओळखला. त्याच्यापुढे पितळी झोपाळ्यात गौर बसलेली, आणि झोपाळा वरपासून खालपर्यंत सेगो लिलीने भरलेला. खाली पद्मिनीकाकूंनी लिहिलं होतं, "देवाला वाहायला केवढी ताजी फुलं मिळाली!" काकूंना मी काय बोलणार? मॉर्निंग वॉकला जाऊन शेजारच्या कुंपणातली जास्वंद पिशवीत टाकणारी आपली जात. देवासाठी तोडलं की ते तोडणं नसतंच. पण तुला माहीत होतं, आश्लेषा. काकूंना अडवू शकणारी तिथे तू एकटी होतीस, आणि फोटोत तुझ्याच ओंजळीत फुलं आहेत.

परत आल्यावर शनिवारी तिकडे गेले. घळीतली काळी माती चपलांनी तुडवली गेली होती. ओटीतले भिजवलेले हरभरे वाळूत सांडलेले, दगडाला हळदीकुंकू. एक फूल उरलं नव्हतं. मी तिथे रडले नाही, राग इतका होता. मग कॅन्यनच्या ऑफिसात गेले तर रेंजरने मला बसायला सांगितलं. भला माणूस आहे, त्यालाच अवघडल्यासारखं झालं होतं. तुमचा जथा बाहेर पडताना त्याने अडवला होता, कुणी आणलं म्हणून विचारलं होतं, आणि पुढे झालेल्या बाईने माझं नाव सांगितलं होतं. नीलांबरीने परवानगी दिली, ती इथलीच गाइड आहे, असं. मी तेव्हा दोन हजार मैलांवर होते हे त्याने मानलं. पण परवानगी मी दिली नाही, हे कशावरून, असं त्याने विचारलं. त्याने माझा बिल्ला काढून घेतला.

मी बाहेर येऊन तुला फोन लावला, मनात म्हणत होते की ती बाई दुसरी कुणीतरी असेल. तू म्हणालीस, "अगं, आमचं ग्रीन कार्ड अडकलंय. तू सिटिझन आहेस, तुला काय होणार आहे?" मी फोन ठेवला. तुझी भीती मला कळते गं. सिग्नल तोडला तरी तुम्हा दोघांची झोप उडते, ती मी बघितली आहे. घरी आल्यावर आमच्या रवीने ओळखीच्या वकिलाला विचारलं. तो म्हणाला, फुलं तोडल्याच्या दंडाने ग्रीन कार्ड सहसा अडत नाही, पण खात्री कोण देणार? तू घाबरून थाप मारलीस, तेही मी गिळलं असतं. पण संध्याकाळी घरी जाऊन मला एक मेसेज करता आला असता. तू फोटो पाठवलेस. स्वतः नामानिराळी राहिलीस आणि केसाने माझा गळा कापलास, आणि वर हार्ट टाकलंस. मला फार लागलंय.

आता हे पत्र का, ते सांगते. उद्या सकाळी मला त्या ऑफिसात बोलावलंय. जथा कुणी नेला, एवढंच विचारणार आहेत. रवी म्हणतो, गप्प बस, बिल्लाच जाईल ना? मी गप्प बसणार नाही. माझं नाव तू मला न सांगता घेतलंस. तुझं नाव मी तुला आधी सांगून घेणार आहे. म्हणून आज हे तुझ्या दारात ठेवून जातेय. तू स्वतः आलीस तर मला तोंड उघडावं लागणार नाही. उद्या ऑफिसच्या बाहेर मी गाडीत बसून थोडी वाट बघेन. नाही आलीस तर एकटी आत जाईन.

अजून तरी तुझीच,
नीलांबरी