भिंतीकडे तोंड केलेला बाक

दि. ४ जुलै

ती. आत्यास,
टकळीचा शि. सा. न. वि. वि.

पोचले, खोली मिळाली, वेळेवर जेवते आणि दाराला कडी लावते. तुझे सगळे प्रश्न एका ओळीत संपवले, आता माझं ऐक.

खोली शाळेमागच्या गल्लीत, चावीवाल्याच्या दुकानावर आहे. जिन्याला कठडा नाही, पण खिडकी मोठी आहे. शाळा मात्र तू बघायलाच हवीस. एवढी मुलं जिना उतरतात, पण टाचणी पडली तरी ऐकू यावी. तासाबाहेर आवाज करायचा नाही, रांग मोडायची नाही, थांब म्हटलं की थांबायचं. फाटकावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'नियम एक, सूट शून्य.' तू हसशील, पण ते वाचून मला बरं वाटलं. माझ्या शाळेत कापडवाल्या शेठचा मुलगा काच फोडून हसत बसायचा आणि मी बाह्या आखूड झाल्या म्हणून उन्हात उभी असायचे. इथे कोण कुणाचं मूल, हे कुणी विचारत नाही.

एकच गोष्ट खटकली. शेजारच्या वर्गात एक बाक भिंतीकडे तोंड करून ठेवलाय. शाळेतून काढलेल्या मुलाची जागा. वर्ष संपेपर्यंत तिथे कुणी बसायचं नाही, त्या मुलाचं नाव काढायचं नाही, हजेरी घेताना त्याच्या नंबरावर जरा थांबून पुढे जायचं. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, म्हणाल्या की शंभर भाषणांनी होत नाही ते एका रिकाम्या जागेने होतं. शिस्त बघायला वेगळे सर आहेत. रबरी तळाचे बूट घालून मागून येतात, चाहूलही लागत नाही. मुलं त्यांना मांजरपावल्या म्हणतात, आणि खरं सांगायचं तर आम्ही शिक्षकही.

माझ्या वर्गात पहिल्या बाकावर एक तेरा वर्षांची मुलगी बसते. माझ्या तोंडाकडे अशी टक लावून बघते की एक शब्द सांडू देत नाही. सगळे तिला भुंगी म्हणतात. का, ते विचारलं तर पोरं खाली माना घालून हसली. केस काळेभोर, कुरळे आहेत, म्हणून असेल.

हे वर्ष माझं उमेदवारीचं. नीट पार पडलं की नोकरी कायम. माझ्या पदवीच्या प्रमाणपत्रावरची धूळ पुसत जा.

लोभ लहानपणीच पोटभर वाढलास, तरी वरून वाढत राहावंस.

तुझी,
टकळी

दि. १३ जुलै

चि. टकळीस,
आत्याचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. अक्षर पहिल्यापेक्षा बिघडलंय, म्हणजे तू खरोखर मास्तरीण झालीस. तुझं प्रमाणपत्र रोज पुसते, पण मागासाठी सुताच्या कांड्या भरायला बसलं की भुगा उडणारच. काचेला म्हातारपण आल्यासारखं दिसतं. पुसलं की पुन्हा तरुण.

काल नवी शेजारीण भांडायला आली. म्हणाली, तुमच्या घरातून दिवसभर मोटार चालल्यासारखा आवाज येतो. मी म्हटलं, मोटार नाही बाई, मीच ती. उमेदीची सगळी वर्षं यंत्रमागांच्या शेडमध्ये काढली, कान तिथेच ठेवून आले आणि ही गुणगुण घेऊन आले. मला स्वतःला ती ऐकूही येत नाही, नुसती घशात लागते. आमची पोर या मोटारीला टेकून पदवीधर झाली, तुम्हाला दुपारची डुलकी लागायला काय झालं? बिचारी घाबरून चहा पिऊन गेली.

तुझ्या त्या बाकाचं काही पटलं नाही बघ. दात उपटला की जीभ सारखी त्याच खड्ड्यात जाते. ती पोरं धडा शिकतात की नुसती जीभ फिरवत बसतात? पण तू शिकलेली आहेस, तुला जास्त कळतं. जिना जपून उतर.

पोरी, आशीर्वाद रोजचेच, पत्र तेवढं आठवड्याचं असू दे.

तुझी,
आत्या

दि. ९ सप्टेंबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझी दोन पत्रं आली, मी एकाचंही उत्तर दिलं नाही. रागावू नकोस. भुंगीला काढलं.

ती जिन्यावरून आवाज करत उतरत होती म्हणे. मांजरपावल्यांनी मागून थांब म्हटलं, ती थांबली नाही. पुन्हा म्हटलं, तरी नाही. असं आधीही झालं होतं, म्हणून आता सूट नाही. मोठ्या बाईंच्या खोलीत चौकशी झाली, तिची वर्गशिक्षिका म्हणून मला बोलावलं. तेव्हा कळलं की तिच्यावरचा आरोप गुणगुणण्याचा आहे. इतर सगळ्या शिक्षकांनी सांगितलं की ती तासभर गुणगुणते, वर्ग बिघडवते. मला खरंच आश्चर्य वाटलं. मी उभं राहून ठामपणे सांगितलं की माझ्या तासाला ती कधीही गुणगुणत नाही, एकदाही नाही. मला वाटलं, मी तिला वाचवलं.

मोठ्या बाईंनी मान हलवली आणि म्हणाल्या, म्हणजे हिला मनात आलं तर गप्प बसता येतं. बाकीच्यांसमोर ती मुद्दाम करते. झालं, तेवढ्यावर निकाल. भुंगीला कुणी काही विचारलं नाही. ती ज्याचे ओठ हलतील त्याच्याकडे बघत होती, आणि शेवटी कुणाचेच हलेनात तेव्हा माझ्याकडे बघत राहिली.

तिची आई इस्त्रीच्या दुकानात काम करते. फाटकाशी भेटली. म्हणाली, इथून काढलेल्या मुलीला दुसरी शाळा दारात उभी करत नाही, आता माझ्याबरोबर इस्त्रीलाच येईल. भांडली नाही, त्याचंच जास्त लागलं.

तिचा बाक मागच्या भिंतीशी नेला, तोंड भिंतीकडे. हजेरीत तिच्या नंबरावर थांबते तेव्हा सगळा वर्ग श्वास धरतो. आणि आत्या, हसू नकोस. वर्ग सुटल्यावर मी वह्या तपासत एकटी बसते, तेव्हा त्या बाकाकडून गुणगुण ऐकू येते. अगदी बारीक. मान वर केली की थांबते. परवा जवळ जाऊन बाकावर हात ठेवला. लाकूड गार होतं.

मी खोटं बोलले नाही. जे ऐकलं तेच सांगितलं. मग असं का व्हावं?

माझ्यावरची माया आटली नसेल तर लगेच लिही.

तुझी,
टकळी

दि. १७ सप्टेंबर

चि. टकळीस,
अ. उ. आ.

पत्र वाचलं आणि कांडी हातात तशीच राहिली. तुला एक विचारते. लहानपणी शेजारपाजारचे माझ्या आवाजाची तक्रार घेऊन यायचे, तेव्हा तू दारात उभी राहून काय म्हणायचीस? "कसला आवाज?" सगळ्यांना वाटायचं पोर आत्याची बाजू घेते, भारी तिखट आहे. बाजू कसली घेतेस, तुला ऐकूच यायचं नाही. तान्ही होतीस, तुझे आईबाप गेले, तेव्हापासून तू माझ्या कुशीत निजलीस, आणि मी कूस बदलावी तशी गुणगुणत राहिले. गिरणीशेजारी राहणाऱ्याला भोंग्याने जाग येत नाही, तशातली गत.

त्या मुलीला सगळा वर्ग भुंगी म्हणतो आणि तिच्या बाईंना केसांवरून वाटतं. पोरी, ती तुझ्या तासालाही गुणगुणत असणार. तुझ्या तासाला तर जास्तच. तिथे तिला कुणी टोकत नव्हतं ना.

तू खोटं बोलली नाहीस. पण तुझ्या खऱ्याला माझी गुणगुण लागलेली होती. ते लक्षात आल्यापासून मी तोंडात सुपारी धरून बसते. घशावर हात ठेवला की कळतं चालू आहे की बंद. सध्या बंद आहे. शेजारीण खूश आहे. कांड्या मात्र वाकड्या भरल्या जातात, हाताला ताल सापडत नाही.

सांभाळून राहा, आणि त्या बाकाजवळ एकटी बसू नकोस.

तुझी,
आत्या

दि. २८ सप्टेंबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र चावीवाल्याच्या दुकानातच उघडलं आणि जिना चढायचं विसरले. तो बिचारा म्हणाला, बाई, कुणी गेलं का? मी म्हटलं, हो, एक मुलगी, पण परत आणता येईल.

मग तुझे सगळे तुकडे आठवत गेले. मागून हाक मारली तर तू वळत नाहीस. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघतेस. माझ्या ओठांवरून नजर न हलवणारी ती मुलगी, आणि मला वाटायचं मी किती छान शिकवते! रविवारी तिच्या घरी गेले. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मी तिच्या मागे उभी राहून हाक मारली. घडी घालणं थांबलं नाही. तिच्या आईला घेऊन कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. डावा कान जवळजवळ बंद, उजव्याला अर्धंमुर्धं. आई म्हणाली, आम्हाला वाटायचं, पोर हट्टी आहे.

सुनावणी पुन्हा घ्या, असा अर्ज दिला. मोठ्या बाईंनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि मग शांतपणे म्हणाल्या की एकदा दिलेली साक्ष फिरवणारी शिक्षिका उमेदवारीच्या वर्षाच्या पुढे टिकत नाही. शिवाय एकीला सूट दिली की नियम सगळ्यांसाठी मेला. आत्या, हे दुसरं वाक्य तीन महिन्यांपूर्वी माझंच होतं. आज ते त्यांच्या तोंडून ऐकलं.

बाकाची गुणगुण वाढली आहे. आता मान वर केली तरी थांबत नाही, जरा रेंगाळते. मुलांना ऐकू येते का, विचारायचं धाडस होत नाही. ती त्या कोपऱ्याकडे बघतच नाहीत. खडू तिकडे घरंगळला तरी उचलायला कुणी जात नाही.

तरी मी अर्ज मागे घेतला नाही. पुढच्या गुरुवारी त्यावर शाळेची समिती बसेल. मला काढलं तर मी घरी येईन. भिंतीवरच्या त्या प्रमाणपत्राची तुला लाज वाटेल का? आणि तू सुपारी थुंकून टाक. तुझ्या घरातही एक बाक भिंतीकडे फिरवल्यासारखं वाटतं मला.

तुझ्या पत्रावरच तग धरून आहे.

तुझी,
टकळी

दि. २ ऑक्टोबर

चि. टकळीस,
अ. उ. आ.

लाज? प्रमाणपत्राला खिळा मी ठोकलाय, समितीने नाही. घरी आलीस तर कांड्या भरायला एक माणूस मिळेल, एवढंच. अर्थात तू भरलेल्या कांड्या मालक घेणार नाही.

एकच सांगते. तिथे गेलीस की तू लगेच बोलायला उठू नकोस. तुला शिकल्यापासून दुसऱ्याच्या वतीने बोलायची घाई झालीय. आधी त्यांना त्या पोरीलाच विचारायला लाव. तिच्यासमोर बस, म्हणजे तिला ओठ दिसतील.

सुपारीचं बघते. गुणगुण बंद करणं सोपं होतं, आता सुरू कशी करायची ते आठवत नाही.

दार उघडंच आहे.

तुझी,
आत्या

दि. २० ऑक्टोबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

उशीर झाला, पण मन थाऱ्यावर येईपर्यंत लिहायचं नाही असं ठरवलं होतं. ते अजूनही आलं नाही, तरी लिहिते.

तू सांगितलंस तसंच केलं. मी उठले आणि एवढंच म्हटलं की माझ्याआधी मुलीला विचारा. मांजरपावल्या म्हणाले, अशी पद्धत नाही. समितीतले एक म्हातारे वकील म्हणाले की पद्धत असायला हवी होती, आणि त्यांनी आपली खुर्ची ओढून तिच्यासमोर आणली. तू का थांबत नव्हतीस, असं विचारलं. भुंगी त्यांच्या तोंडाकडे बघत होती. मग म्हणाली, "मी आवाज करते हे मला कुणी सांगितलंच नाही. सगळे नुसतं थांब म्हणतात. मी काय थांबवू?"

त्यानंतर माझी पाळी. मी सांगितलं की मला गुणगुण ऐकू येत नाही, लहानपणापासून, आणि कारणही सांगितलं. दोघं-तिघं हसले. वकीलसाहेब हसले नाहीत.

तिला परत घेतलं. नियमात बदल नाही, सूटही नाही, फक्त 'वैद्यकीय कारण' असा शेरा. शेजारच्या वर्गातला बाक अजून भिंतीकडेच आहे. त्या मुलाला कुणी काय विचारलं होतं, ते मी मोठ्या बाईंना विचारलंय, उत्तर आलेलं नाही. माझी उमेदवारी आणखी एक वर्ष वाढवली. पुन्हा काही झालं तर बोलावणार नाहीत, थेट काढून टाकल्याचं पत्र हातात देतील.

भुंगीचा बाक मी स्वतः ओढून पुढे आणला. ती येऊन बसली आणि तिने डावा तळवा गळ्यावर ठेवला. तुझ्यासारखाच. कंप आला की दाबायचा. दिवसभर तशीच. आठवडाभर तशीच. एका हाताने लिहायची, वही सरकायची. मी सांगितलं की माझ्या वर्गात चालेल, तिने मान डोलावली आणि हात काढला नाही. मुलगी परत आली, आत्या, पण भुंगी आली नाही.

काल मी फळ्यावर नदी काढत होते. उगमापासून खाली येत होते आणि गुणगुण ऐकू आली. तीच, बाकावरून यायची ती. खडू फळ्यावरच अडला. कारण आता तर तो बाक माझ्या पाठीशीच होता आणि त्यावर माणूस होतं. वळून बघितलं. भुंगीचे ओठ मिटलेले, तळवा गळ्यावर. आवाज चालूच. मग दिसलं की सगळी मुलं माझ्याकडे बघताहेत.

मी होते ती. सूर तुझा, दुपारचा, कांड्या भरतानाचा. रिकाम्या वर्गात वह्या तपासताना इतके दिवस मीच गुणगुणत होते, आणि तिची जागा रिकामी झाली म्हणूनच माझ्या कानांना ते कळायला लागलं. कुणास ठाऊक, कधीपासून. तिचे कान गेलेले म्हणून तिला शिक्षा, आणि माझे धड असून मला काय ऐकू येत होतं?

थांबावंसं वाटलं. पण वळताना मी तिच्या बाकाला हात टेकून उभी राहिले होते. ती दचकली, खाली लाकडाकडे बघितलं. मग गळ्यावरचा तळवा हळूच काढून बाकावर पालथा ठेवला आणि तिथेच ठेवून राहिली. लाकडातून तिला कळत होतं. थोड्या वेळाने माझ्याही हाताला लागलं, बाकातून आता दोन सूर येत होते.

दाराच्या काचेवर सावली आली. बुटांचा आवाज नव्हताच. सावली थांबली. मुलांनी श्वास धरला.

मी थांबले नाही.

सावली अजून गेलेली नाही असं मला लिहितानाही वाटतंय. चावीवाल्याकडे कुणी माझ्यासाठी शाळेचं पत्र देऊन गेलं का, हे खाली जाऊन विचारायचं आहे. त्याआधी हे तुला टाकते. तू सुरू केलंस का, ते कळव. तुझी गुणगुण माझ्यात आहेच, ती तुझ्यातही राहावी.

तुझी,
टकळी