ढोल्याचा मासा आणि माझं बिस्किट

४ जानेवारी
आजपासून मत्सर बंद. शहाण्या माणसाने कुत्र्याशी बरोबरी करू नये. ढोल्याला कित्येक महिने जुलाब. आता नावालाच ढोल्या, फासळ्या वर आल्यात. बायको त्याचं पोट चोळत बसते. दुपारी मलाही मळमळलं. तिला सांगितलं. म्हणाली, गोळी कपाटात आहे.

५ जानेवारी
प्राण्यांच्या डॉक्टरकडे. तरुण आहे, डोक्यावर केस भरपूर. म्हणाला, आतड्यातली प्रतिकारशक्ती बिथरलीय. पहारेकरी घरच्यांनाच चोर समजून बडवतायत, म्हणून कायमची सूज. उपाय, फक्त उकडलेला मासा आणि बटाटा. बाकी कणभरही नाही. बायको मान डोलावत होती. मी बोलतो तेव्हा ती मान जागची हलत नाही.

९ जानेवारी, सकाळी
ढोल्याला ताजा मासा. मला कालची भाजी. मनाला लावून घेतलं नाही. दोनदा बोलून दाखवलं, तेवढंच.

१२ जानेवारी
बायकोच्या मोबाइलवर डॉक्टरचे मेसेज. संशय वगैरे नाही, पण नवऱ्याला काळजी असतेच. उघडून पाहिले. ढोल्याच्या शीचे फोटो, रोजचे. डॉक्टर दहापैकी मार्क देतो. आज आठ. 'शाब्बास ताई.' ताई म्हणतो! सुरुवातीला सगळे ताईच म्हणतात. मला या घरात कशालाही आठ मिळालेले नाहीत.

१५ जानेवारी
ढोल्या सुधारतोय. सगळं श्रेय डॉक्टरला. ढोल्या दिवसभर बायकोच्या मागे-मागे. मी हाक मारली की एक कान हलवतो, बाकीचा कुत्रा जागेवरच. संध्याकाळी जिन्यात त्याला एक क्रीमचं बिस्किट दिलं. एका बिस्किटाने काय होतंय? असा काही शेपूट हलवत राहिला की माझे डोळे भरून आले.

१९ जानेवारी
बिस्किट रोज, जुन्या कोटाच्या खिशातून. पण अर्धंच. उरलेलं अर्धं नंतर. आता ढोल्या दारात माझी वाट बघतो. शेवटी माणसाचा स्वभाव कळतो मुक्या जनावराला. जुलाब पुन्हा सुरू. डॉक्टरला काही कळत नाही, हे मी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं.

२३ जानेवारी
डॉक्टर म्हणाला, आता जड औषधं द्यावी लागतील, नाहीतर हातचा जाईल. बायको तिथेच रडली. मलाही गलबलून आलं. उद्यापासून बिस्किट बंद म्हणजे बंद. आज शेवटचं दिलं. एकदम तोडलं तर त्याच्या मनावर परिणाम व्हायचा.

२४ जानेवारी
ऑफिसच्या ट्रेनिंगला परगावी. ढोल्या माझ्याशिवाय कसा राहणार, देव जाणे.

३० जानेवारी
बायकोचा फोन. ढोल्या ठणठणीत. जड औषधाची गरजच पडली नाही. मी घरात नसतानाच कसा काय बरा झाला? बहुतेक मी परतल्यावर खूश व्हावं म्हणून.

१ फेब्रुवारी
घरी आलो. ढोल्या धावत आला. एक खिसा हुंगला. दुसरा हुंगला. दोन्ही रिकामे. परत जाऊन बायकोच्या पायाशी बसला.

टेबलावर एका कागदावर माझ्या जुन्या कोटाच्या खिशातला बिस्किटांचा चुरा. बायको ओरडली नाही, तेच वाईट. म्हणाली, "अहो, डॉक्टरांनी सांगितलेला आजार या घरात दोघांना आहे. घरचेच चोर वाटतात. ढोल्याचा निदान बरा तरी होतोय."

जेवायला मला ताजा मासा. उकडलेला, बिनमिठाचा. इतके दिवस हाच तर हवा होता. निमूट संपवला. मग हळूच ढोल्याला हाक मारली. कानही हलला नाही.